पोस्टफिक्स–डव्हकॉट: मेल हरवू नये म्हणून दुसरा एमएक्स सर्व्हर हवाच का?

कृष्णाकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

सांगलीतील एका शिक्षणसंस्थेचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. डेबियन 12 या लिनक्स प्रणालीवर पोस्टफिक्स 3.7 (मेल घेणे-पाठवणे), डव्हकॉट 2.3 (मेलबॉक्स) आणि आरस्पॅमडी (स्पॅमची तपासणी) अशी मांडणी असून शिक्षक, कार्यालयीन कर्मचारी आणि परीक्षा विभाग मिळून सुमारे चारशे मेलबॉक्स आहेत. यंत्र एकच आहे आणि ते संस्थेच्याच इमारतीत आहे. आयपी पत्ता स्थिर आहे, त्याची पीटीआर नोंद (आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी) इंटरनेट सेवादात्याकडून करून घेतली आहे, आणि प्रेषक खरा आहे हे पडताळण्यासाठीच्या एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या तिन्ही नोंदी जागेवर आहेत. रोजच्या कामाबद्दल कोणाची तक्रार नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. कार्यकारिणीच्या बैठकीत असा मुद्दा निघाला की एकाच यंत्रावर सगळी भिस्त ठेवणे धोक्याचे आहे आणि दुसरा एमएक्स सर्व्हर (डोमेनचे येणारे मेल घेणारा सर्व्हर) उभारल्याशिवाय या व्यवस्थेला विश्वासार्ह म्हणता येणार नाही. वीज गेली किंवा इंटरनेटची जोडणी तुटली तर त्या काळात आम्हाला पाठवलेले मेल नेमके कुठे राहतात आणि कोणत्या परिस्थितीत ते खरोखर हरवू शकतात, हे मला सभासदांना निःसंदिग्ध शब्दांत सांगायचे आहे. दुसरा प्रश्न असा की डेबियन 13 मध्ये डव्हकॉट 2.4 आले असून जुन्या मांडणीच्या फाइली त्यावर चालत नाहीत. तेव्हा चालू सर्व्हर तिकडे नेताना कोणता क्रम ठेवावा?

संस्थेचा पत्रव्यवहार संस्थेच्याच ताब्यात राहावा, ही आमची भूमिका ठरलेली आहे. त्यामुळे बाहेरची सेवा विकत घेण्याचा पर्याय कृपया सुचवू नये.

वेताळटेकडी

नमस्कार. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मेल पाठवण्याच्या एसएमटीपी या नियमपद्धतीच्या रचनेतच आहे, आणि ते कार्यकारिणीला समजावून सांगण्यासारखे आहे. मेल पाठवणारा सर्व्हर मजकूर पूर्ण देऊन शेवटी एकट्या पूर्णविरामाची ओळ पाठवतो आणि घेणारा सर्व्हर 250 हा आकडा परत देतो. त्या क्षणी त्या मेलची जबाबदारी एकाकडून दुसऱ्याकडे जाते. 250 मिळेपर्यंत पाठवणाऱ्याने आपली प्रत सोडायची नाही आणि 250 दिल्यानंतर घेणाऱ्याने क्षुल्लक कारणाने मेल गमवायचा नाही, हा नियम ऑक्टोबर 2008 च्या आरएफसी 5321 या एसएमटीपीच्या नियमांच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणून आपले यंत्र रात्रभर बंद राहिले तरी तेवढ्याने एकही मेल हरवत नाही. तो पाठवणाऱ्याच्या रांगेत थांबतो आणि पुन्हा पुन्हा पाठवला जातो. दोन प्रयत्नांत किमान 30 मिनिटांचे अंतर असावे आणि प्रयत्न सोडून देण्याची मुदत साधारणपणे किमान 4 ते 5 दिवसांची असावी, असे तोच दस्तऐवज सांगतो. पोस्टफिक्स स्वतः मुळातच 5 दिवस प्रयत्न करते. त्याच्या प्रयत्नांतील अंतर 300 सेकंदांपासून वाढत जाऊन 4000 सेकंदांपर्यंत पोहोचते.

मग खरी कसोटी कुठे लागते? 250 देऊन झाल्यानंतरच्या प्रत्येक टप्प्यावर. डिसेंबर 1998 मध्ये वीत्सा व्हेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन केंद्रात काम करत असताना पोस्टफिक्स प्रसिद्ध केले, तेव्हा एकाच अवाढव्य प्रोग्रॅमऐवजी लहान लहान, परस्परांवर कमीत कमी विश्वास ठेवणाऱ्या प्रक्रियांची रचना त्यांनी निवडली. बाहेरून येणारा मेल एक प्रक्रिया घेते, दुसरी तो रांगेच्या फाइलीत लिहिते, ती फाइल एफसिंक करून डिस्कवर उतरवली जाते आणि त्यानंतरच 250 दिला जातो. पुढे रांगेचा व्यवस्थापक तो मेल सक्रिय रांगेत घेतो आणि पोहोचवता आला नाही तर विलंबित रांगेत ठेवतो. मेल पोहोचला, पण तशी नोंद होण्याआधी यंत्र बंद पडले, तर यंत्र सुरू झाल्यावर तोच मेल पुन्हा पोहोचवला जातो. म्हणजे चूक व्हायचीच असेल तर ती दुबार मेलाची व्हावी, गहाळ मेलाची होऊ नये, अशी ही रचना आहे. दुसऱ्या यंत्रावर पैसा खर्च करण्याआधी ही साखळी आपल्याकडे अखंड आहे की नाही, हे मी तपासले असते.

ती साखळी बहुतेक वेळा वेग वाढवण्याच्या नादात तोडली जाते. आपला सर्व्हर आभासी यंत्रावर चालत असेल, तर त्याच्या डिस्कचा कॅश कोणत्या प्रकारचा आहे ते पाहा. प्रॉक्समॉक्स या आभासी यंत्रे चालवणाऱ्या प्रणालीत "राइट बॅक (अनसेफ)" असा एक प्रकार मिळतो, आणि त्यात एफसिंकची विनंती डिस्कपर्यंत पोहोचतच नाही. तो निवडला असेल तर पोस्टफिक्सने दिलेले वचन वीज गेल्याक्षणी मोडते. तसेच डव्हकॉटमधील मेल एफसिंक ही सेटिंग "नेव्हर" करावी, असा सल्ला काही जुन्या लेखांत सापडतो. तो पाळू नये. रांगेचे फोल्डर रॅममध्ये ठेवण्याचा सल्लाही त्याच वर्गातला आहे. चारशे मेलबॉक्सच्या सर्व्हरला या वेगाची गरजच नसते.

दुसरा धोका अधिक मोठा आहे आणि त्याकडे फार कमी जणांचे लक्ष असते. बंद सर्व्हर मेल गमावत नाही. मात्र चालू सर्व्हरने चुकीने दिलेला 5 ने सुरू होणारा नकार पाठवणाऱ्याच्या दृष्टीने अंतिम असतो. 4 ने सुरू होणारे उत्तर म्हणजे "नंतर या". 5 ने सुरू होणारे म्हणजे "येऊ नका". पत्त्यांची यादी एखाद्या स्क्रिप्टने पुन्हा तयार करताना ती अर्धवट राहिली, तर उरलेल्या सगळ्या पत्त्यांना "असा वापरकर्ता नाही" म्हणून 550 जातो, सर्व्हर निरोगी दिसतो आणि मेल मात्र परत जात राहतात. यादी डेटाबेसमध्ये असेल आणि डेटाबेस बंद पडला, तर पोस्टफिक्स 451 देऊन थांबवून धरते, ते योग्यच आहे. रिकाम्या किंवा अर्ध्या यादीला मात्र ते खरी यादी मानते.

याच जातीची आणखी एक गोष्ट स्पॅमहाउससारख्या, स्पॅम पाठवणाऱ्या आयपी पत्त्यांच्या काळ्या याद्यांच्या बाबतीत घडते. आपला सर्व्हर 8.8.8.8 सारख्या सार्वजनिक डीएनएसमधून (नावांचे आयपी पत्ते शोधून देणाऱ्या सेवेतून) चौकशी करत असेल, तर स्पॅमहाउस खऱ्या उत्तराऐवजी 127.255.255.254 हा त्रुटीचा संकेत देते. पोस्टफिक्सला कोणते उत्तर ग्राह्य धरायचे हे बजावलेले नसेल, तर ते आलेले कोणतेही उत्तर "यादीत आहे" असे समजते आणि निर्दोष मेलही 554 देऊन नाकारते. म्हणून सर्व्हरवरच अनबाउंड हे डीएनएसचे सॉफ्टवेअर बसवून स्वतःचे डीएनएस वापरावे आणि नियमात 127.0.0.2 ते 127.0.0.11 एवढीच उत्तरे मान्य करावीत.

डोमेनचे नूतनीकरणही याच वर्गात येते. डोमेनची मुदत संपून ते डीएनएसमधून नाहीसे झाले, तर पाठवणाऱ्याला "असे डोमेनच नाही" असे उत्तर मिळते आणि मेल त्याच क्षणी परत जातो. तेथे चार-पाच दिवसांची सवलत नसते. ते पुढील काही वर्षांसाठी आगाऊ भरून ठेवणे हा कार्यकारिणीने करावा असा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक खर्च आहे.

एवढे झाल्यावर, केवळ वीज आणि इंटरनेट जाण्याच्या भीतीपोटी दुसरा एमएक्स उभारण्याची गरज मला दिसत नाही. निष्काळजीपणे उभारलेला दुसरा एमएक्स तर अपायकारक ठरतो. स्पॅम पाठवणारे मुद्दाम त्याच्याकडे वळतात, कारण तेथे तपासणी ढिली असते. खऱ्या पत्त्यांची यादी त्याच्याकडे नसली की तो सगळे स्वीकारतो, मुख्य सर्व्हर ते नाकारतो, आणि परतीचे मेल ज्यांचे नाव बनावट प्रेषक म्हणून वापरले गेले अशा निरपराध लोकांना जातात. त्यातून आपलाच आयपी पत्ता काळ्या यादीत जातो.

मांडवीतीर

वेताळटेकडी यांचे विवेचन मला मान्य आहे. परंतु त्यांचा निष्कर्ष ज्या 4–5 दिवसांवर उभा आहे, ते दिवस प्रत्यक्षात सगळीकडे मिळत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये मेल पोहोचवण्याचा प्रयत्न मुळात 24 तासच केला जातो, आणि संस्थांनी स्वतः चालवलेल्या एक्स्चेंज सर्व्हरमध्ये ही मुदत मूळ रूपात 2 दिवसांची असते. कितीतरी कंपन्या आणि विद्यापीठे याच प्रणालींवर आहेत. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी बंद पडलेला सर्व्हर सोमवारी सकाळी सुरू झाला, तर मधल्या काळातील काही मेल पाठवणाऱ्यांकडे परत गेलेले असतील. ते हरवले असे म्हणता येणार नाही, कारण पाठवणाऱ्याला तसे कळवले जाते. पण प्रवेशप्रक्रियेच्या किंवा परीक्षेच्या दिवसांत हा फरक कोणाच्या उपयोगाचा नाही.

शिवाय आपण सांगलीचे आहात. ऑगस्ट 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये कृष्णेच्या पुराने शहराचे काय केले, हे मी आपल्याला सांगायला नको. यंत्र वरच्या मजल्यावर कोरडे राहिले तरी वीज, जनरेटरचे डिझेल आणि तेथपर्यंत पोहोचणारा माणूस या तिन्ही गोष्टी एकदम अडतात, आणि तो अडथळा आरएफसीमध्ये गृहीत धरलेल्या मुदतीपेक्षा लांबू शकतो. अशा ठिकाणासाठी दुसरा एमएक्स असावा, असेच मी म्हणेन. मात्र तो कृष्णेच्या खोऱ्याबाहेर, वेगळ्या सेवादात्याकडे असावा.

तो कसा चालवावा याबद्दल वेताळटेकडी यांनी दिलेले इशारे अक्षरशः पाळावेत. वैध पत्त्यांची संपूर्ण यादी त्याच्याकडे असली पाहिजे आणि त्या यादीत नसलेला पत्ता त्याने दारातच नाकारला पाहिजे. स्पॅमची तपासणी मुख्य सर्व्हरवर आहे तितकीच कडक असावी. रांगेत ठेवण्याची मुदत मात्र 5 दिवसांवरून 20 ते 30 दिवसांपर्यंत वाढवावी. पुराच्या काळासाठी तो उभारायचा, तर त्याला तितका धीर असणे हाच त्याचा उपयोग.

येथे एक बारकावा हमखास निसटतो. दुसऱ्या एमएक्सकडून पुढे येणारा मेल मुख्य सर्व्हरला त्या यंत्राच्या आयपी पत्त्यावरून आलेला दिसतो. मूळ प्रेषकाच्या एसपीएफ नोंदीत (कोणत्या पत्त्यांवरून त्याचा मेल येऊ शकतो हे सांगणाऱ्या) तो पत्ता नसल्यामुळे मुख्य सर्व्हर तो संशयास्पद मानतो आणि प्रसंगी नाकारतो. म्हणून आरस्पॅमडी आणि पोस्टफिक्स या दोघांनाही हे आपलेच यंत्र असल्याचे सांगून ठेवावे, म्हणजे ती तपासणी त्याच्या मागच्या, खऱ्या प्रेषकाच्या पत्त्यावर होईल.

कार्यकारिणीला आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. दुसरा एमएक्स मेल सांभाळून ठेवतो, वाचायला देत नाही. पुराच्या काळात प्राचार्यांना मेल वाचायचे असतील, तर मेलबॉक्सची प्रतही बाहेर असावी लागेल. डव्हकॉट 2.3 मध्ये दोन सर्व्हरवरील मेलबॉक्स आपोआप समान ठेवणारी सोय होती, 2.4 मध्ये ती काढून टाकण्यात आली आहे. त्याऐवजी डव्हकॉटच्या डव्हअॅडम या साधनाची बॅकअप आज्ञा दर तासाला चालवून दूरच्या यंत्रावर प्रत नेता येते, आणि आपल्या आकाराच्या संस्थेला तेवढे पुरेसे आहे.

वेताळटेकडी

एक्स्चेंज ऑनलाइनच्या 24 तासांचा मुद्दा निर्णायक आहे आणि पुराचा तर आहेच. सांगलीसाठी मांडवीतीर यांचे मत मी स्वीकारतो. पत्त्यांची यादी दुसऱ्या यंत्रावर नेताना ती थेट जुन्या फाइलीवर लिहू नये. तात्पुरत्या नावाने तयार करावी, आधीच्या यादीपेक्षा ती अचानक लहान झालेली नाही ना हे स्क्रिप्टनेच तपासावे, आणि मगच नाव बदलून ती जागेवर ठेवावी. नाहीतर अर्धवट यादीचा जो धोका मी वर सांगितला, तो दोन ठिकाणी निर्माण होईल.

दगडीपूल

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. चालू यंत्रावरच डेबियन 12 चे 13 करू नये. नवे यंत्र शेजारी उभे करावे, त्यावर मांडणी नव्याने लिहावी, आणि मेलबॉक्स हलवून झाल्यावरच डीएनएस बदलावे. घाईचेही कारण नाही; डेबियन 13 ऑगस्ट 2025 मध्ये आले असले तरी 12 ची दीर्घकालीन देखभाल जून 2028 पर्यंत आहे.

पोस्टफिक्सच्या बाजूने फारसा त्रास होणार नाही. 2015 च्या 3.0 आवृत्तीपासून त्यात सुसंगततेची पातळी ठरवणारी एक सेटिंग आहे. तिच्यामुळे एखादे मूळ मूल्य बदलले तरी ते जुनेच मूल्य वापरत राहते आणि आपण त्यावर अवलंबून आहोत असे लॉगमध्ये लिहून ठेवते. आपण निवांतपणे एकेक नोंद वाचून निर्णय घेऊ शकतो. शिवाय एका वेळी चार स्थिर आवृत्त्यांची देखभाल केली जाते. लाखो लोकांचा पत्रव्यवहार वाहणारे सॉफ्टवेअर कसे पुढे न्यावे, याचा हा मला माहीत असलेला सर्वोत्तम नमुना आहे, आणि इतरांनीही तो गिरवावा असे मला मनापासून वाटते.

डव्हकॉट 2.4 ने वेगळा मार्ग घेतला आहे. मुख्य फाइलीत सर्वांत आधी मांडणीची आवृत्ती सांगणारी ओळ लागते. ती नसेल तर ते सुरूच होत नाही. मेल कुठे ठेवले आहेत हे सांगणाऱ्या एका ओळीचे दोन भाग झाले आहेत: साठवणुकीचा प्रकार वेगळा आणि मार्ग वेगळा. प्रमाणपत्राच्या सेटिंगची नावे बदलली आहेत. टक्क्याचे चिन्ह आणि एक अक्षर अशी चले आता चालत नाहीत. महिरपी कंसात पूर्ण नाव लिहावे लागते. सर्वांत सावधपणे पाहण्याची जागा म्हणजे असुरक्षित जोडणीवर साधा पासवर्ड स्वीकारायचा की नाही ही सेटिंग. पूर्वी तिचे नाव "बंद ठेवा" अशा अर्थाचे होते, आता "परवानगी द्या" अशा अर्थाचे आहे. जुन्या फाइलीतील "होय" तसेच नव्या नावापुढे उतरवले, तर अर्थ नेमका उलटा होतो आणि सर्व्हर विनातक्रार सुरू होतो.

आपल्यासारख्या जुन्या संस्थेत आणखी एक अडचण येऊ शकते. ज्या कर्मचाऱ्यांनी अनेक वर्षांत पासवर्ड बदललेला नाही, त्यांचे पासवर्ड जुन्या पद्धतीने साठवलेले असतात, आणि दुबळ्या समजल्या जाणाऱ्या पद्धती 2.4 मुळात बंद ठेवते. हलवण्याच्या महिनाभर आधी अशी खाती शोधून त्यांना पासवर्ड बदलायला लावा, नाहीतर पहिल्याच सकाळी कार्यालयाचे फोन खणखणतील.

मेलबॉक्स नेताना डव्हकॉटने प्रत्येक फोल्डरमध्ये ठेवलेली यूआयडी (प्रत्येक मेलाचा ओळखक्रमांक) यादीची फाइल मेलांबरोबर गेलीच पाहिजे. ती राहिली, तर प्रत्येक संगणक आणि फोन आपले सगळे मेल नवे समजून पुन्हा उतरवू लागतो, आणि चारशे खात्यांचा तो भार संस्थेची जोडणी दिवसभर अडवून धरतो. डव्हअॅडमची सिंक आज्ञा हे सांभाळते. जुने यंत्र चालू असतानाच एकदा पूर्ण प्रत न्या, मग रोज रात्री फरक न्या. शेवटच्या फेरीला काही मिनिटेच लागतात.

त्या शेवटच्या फेरीपुरती पोस्टफिक्समधील सॉफ्ट बाउन्स ही सेटिंग नव्या यंत्रावर "होय" करून ठेवावी. ती 5 ने सुरू होणाऱ्या प्रत्येक नकाराचे 4 मध्ये रूपांतर करते. त्यामुळे एखादा पत्ता उतरवायचा राहिला असला तरी मेल परत न जाता पाठवणाऱ्याकडे थांबतो, आणि लॉग वाचून आपण चूक दुरुस्त करू शकतो. जुन्या यंत्राची रांग मात्र हलवण्याच्या भानगडीत पडू नका. बाहेरून नवे मेल येणे बंद करून ते काही दिवस तसेच चालू ठेवा; आपली रांग ते स्वतःच रिकामी करेल.

कृष्णाकाठ

तिघांचेही मनःपूर्वक आभार. आमचा सर्व्हर प्रॉक्समॉक्सवरच आहे. डिस्कचा कॅश तपासला, तो सुरक्षित प्रकारचा आहे. डीएनएस मात्र सेवादात्याचे वापरत होतो. आता अनबाउंड बसवले आहे. एक शंका राहते. सॉफ्ट बाउन्स इतकी उपयोगी असेल, तर ती कायमच चालू का ठेवू नये?

दगडीपूल

कारण मग चुकीचा पत्ता लिहिणाऱ्या पालकाला आपली चूक लगेच कळत नाही. 550 मिळाला असता तर मिनिटाभरात त्याला परतीचा मेल आला असता. 450 मिळाल्यावर त्याचा सर्व्हर मुदत संपेपर्यंत प्रयत्न करत राहतो, आणि तोवर फीमाफीच्या अर्जाची तारीख उलटून गेलेली असते. स्पॅम पाठवणारेही मग पुन्हा पुन्हा येत राहतात. हलवल्यानंतर दोन दिवस लॉगमध्ये खऱ्या पत्त्याला एकही नकार दिसला नाही, की ती बंद करावी.

मांडवीतीर

येणाऱ्या मेलबद्दल पुष्कळ लिहून झाले. जाणाऱ्या मेलबद्दल दोन गोष्टी जोडतो. सर्व्हर सुस्थितीत असूनही संस्थेचे मेल कोणी घेईनासे होते, त्याचे नेहमीचे कारण एखाद्या कर्मचाऱ्याचा चोरीला गेलेला पासवर्ड हे असते. त्या खात्यातून रात्रीत हजारो स्पॅम मेल जातात आणि सकाळी आयपी पत्ता काळ्या यादीत असतो. त्यावर इलाज म्हणजे आरस्पॅमडीमध्ये प्रत्येक लॉगिन केलेल्या वापरकर्त्यामागे तासाची मर्यादा घालणे. शिक्षकाला तासाला शंभर मेल पुरतात. निकाल पाठवणाऱ्या परीक्षा विभागाच्या खात्याला तेवढी वेगळी मोकळीक द्यावी. त्या खात्यातून जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला 5000 किंवा त्याहून अधिक मेल जाणार असतील, तर फेब्रुवारी 2024 पासून गूगलला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी लागतात. त्या आपल्याकडे आहेतच. याशिवाय लॉगिन केलेल्या व्यक्तीला दुसऱ्याच्या पत्त्यावरून मेल पाठवता येणार नाही, ही पोस्टफिक्समधील अट लागू करावी. प्राचार्यांच्या नावाने बनावट आदेश काढणे तिच्यामुळे अवघड होते.

दुसरी गोष्ट लॉगची. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस जपून ठेवावे लागतात, आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते. डेबियनमध्ये आरसिसलॉग हे लॉग लिहिणारे सॉफ्टवेअर बसवलेले असेल, तर मेलचे मुळात आठवड्याला एक असे चारच मागचे लॉग राहतात, आणि केवळ जर्नल (प्रणालीची स्वतःची नोंदवही) वापरत असाल तर जागेची मर्यादा भरली की जुन्या नोंदी पुसल्या जातात. मेलच्या लॉगसाठी ही मुदत 26 आठवड्यांपर्यंत वाढवा आणि दुसऱ्या एमएक्सवरही तसेच करा. दोन्ही यंत्रांची घड्याळे एकाच वेळेला जुळलेली असू द्या, कारण एखाद्या मेलाचा प्रवास दोन लॉगमधून जोडून काढायचा झाला की काही सेकंदांच्या फरकानेही ओळींचा क्रम लागत नाही.